बंद पंख्यातलं घर

मला उषाबाईंचा राग यायचा, हे आधीच सांगून टाकते. उषाबाई म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या, टीनाच्या, सासूबाई. त्यांचं घर सानगडीत, तलावाच्या पाळीकडे, म्हणजे बांधाकडे, जाणाऱ्या रस्त्यावर. मी राहते साकोलीत. बसस्टँडजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटंसं दुकान आहे. दिवसभर बंद पडलेली यंत्रं उघडायची, बिघाड शोधायचा, परत जोडायची, हे माझं काम. प्रत्येक गोष्टीला कारण असतं आणि ते शोधलं की सापडतं, या खात्रीवर माझं पोट चालतं. आणि उषाबाईंचं सगळं आयुष्य चालत होतं ते भीतीवर.

साठीच्या, काटकुळ्या, डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणाऱ्या बाई. यादोराव, म्हणजे त्यांचे यजमान, बांधीवरून, म्हणजे धानाच्या शेतातून, यायला जरा उशीर झाला की त्या हातातलं काम टाकून पाळीवर जाऊन उभ्या राहायच्या. मुलगा विनोद भंडाऱ्याला एका कारखान्यात शिफ्टने कामाला. तो आठवड्यातून एकदा घरी यायचा. परत निघाला की त्याच्या मोटारसायकलच्या दोन्ही चाकांवरून हात फिरवल्याशिवाय त्याला फाटकाबाहेर सोडायच्या नाहीत. मी कधी गेले तर पहिला प्रश्न ठरलेला, "वायरीले हात लावतेस, पायात चप्पल घालतेस का नाई?" मी हसून हो म्हणायची आणि मनात म्हणायची, या बाईंना भ्यायला दिवस पुरत नाही.

पण गेल्या वर्षी त्या घरात सगळेच भीत होते, आणि त्याला कारणही होतं. टीनाचं पोट दोनदा रिकामं झालं होतं. दोन्ही वेळी पाचव्या महिन्यात. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासून सांगितलं की गर्भाशयाचं तोंड कमजोर आहे. त्यांनी टाका घातला, महिनाभर दवाखान्यात झोपवून ठेवलं आणि मग घरी पाठवलं ते या अटीवर, की फक्त संडास-बाथरूमपुरतं उठायचं. आठवा महिना ओलांडला की बाळ हाती लागण्याची आशा धरता येईल, असं त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून घरातलं प्रत्येक माणूस आठवडे मोजत होतं. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. यादोराव खोकायला सुद्धा अंगणात जायचे.

टीनाचा वेळ जात होता तो कॉम्प्युटरमुळे. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स तयार करायचं काम ती साकोलीच्या एका प्रेससाठी घरून करायची. पलंगाला लागून एका स्टुलावर मशीन ठेवलं होतं. ती कुशीवर झोपून, कीबोर्ड गादीवर घेऊन काम करायची. पत्रिकेवरच्या नवऱ्यामुलाच्या नावाभोवती वेल काढत असेपर्यंत तिला पोटाचा विसर पडायचा. काम थांबलं की ती हात पोटावर ठेवून छताकडे बघत पडायची, आणि तिचा चेहरा बघवत नसे.

हे मशीन आम्ही दोघी बहिणींनीच जोडलं होतं, तिच्या लग्नाच्या आधी, माझ्या दुकानात बसून. डबा एका जुन्या मशीनचा, बोर्ड दुसऱ्याचा, प्रोसेसर नागपूरहून आणलेला. दोन रविवार लागले. डब्याच्या मागच्या बाजूला पत्र्याची एक पट्टी कमी होती. तिथे दोन बोटं जातील एवढी फट राहिली. "बसवू गं कधीतरी," असं मी म्हणाले होते. ती पट्टी काही मी बसवली नाही. हे लक्षात ठेवा, कारण या सगळ्यात माझी पहिली चूक ती.

टीना दवाखान्यातून घरी आली आणि चारच दिवसांनी तिचा फोन आला.

"ताई, मशीन खूप स्लो चालून राहिलं. माऊस मधातच अडकते. दहा-पंधरा मिनिटांनी सगळंच थांबते."

मी दुकानातूनच, नेटवरून, तिचं मशीन उघडलं आणि नको असलेली चार-पाच सॉफ्टवेअर काढली. व्हायरस आहे का पाहिलं. नव्हता. दोन दिवस बरं चाललं असं तिला वाटलं, मग पुन्हा तेच. म्हणून एका मंगळवारी दुकान बंद ठेवून मी सानगडीला गेले.

रोवणी, म्हणजे धानाची लावणी, संपत आली होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बांध्यांत पाणी उभं होतं. घरी पोहोचले तर उषाबाई टीनाच्या खोलीत, कॉम्प्युटरच्या मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. तांदूळ निवडायला घेतले होते, पण सूप मांडीवर तसंच होतं. मला वाटलं, सुनेजवळ बसल्या असतील.

मी मशीन चालू केलं आणि पहिल्यांदा ऐकला तो आवाज. खर्र, खर्र. आत काहीतरी घासत होतं.

"हा आवाज कधीपासून आहे?"

"मी आली तेव्हापासूनच हाये," टीना म्हणाली.

मी डिस्क तपासली. चांगली होती. तिची सगळी कामं मी सोबत आणलेल्या डिस्कवर उतरवून घेतली. मग आतलं तापमान बघितलं. काही न करता नुसतं उभं असलेलं मशीन ऐंशीच्या वर होतं. आता कारण माझ्या हाताशी आलं होतं. आत हवा खेळत नाही, पंखा घासतोय. महिनाभर बंद असलेल्या मशीनमध्ये धूळ बसते, त्यातून हे धानाचं घर, कोंडा उडतोच. डबा उघडायचा, ब्रशने झाडायचा, अर्ध्या तासाचं काम. मी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला.

"नको वो रीना." उषाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. "आज नको."

"काहून मावशी?"

"पोटुशी बाईच्या खोलीत काही उघडू-फोडू नाई."

"मग मी मशीन अंगणात नेते."

"हलवू बी नाई."

त्यांचा एक हात डब्यावर होता. मी टीनाकडे पाहिलं. टीनाने डोळ्यांनीच सांगितलं, राहू दे. माझ्या मात्र डोक्यात सणक गेली. मी म्हणाले, "मावशी, हे मशीन आहे. याला ना अमावस्या कळते ना पोटुशी बाई. आत धूळ आहे, ती काढायची आहे, बाकी काही नाही."

"धूळ राहू दे ना बाई. दोन महिनेच तर राह्यले. मंग काढजो."

यादोराव दारात येऊन उभे राहिले. ते माझ्याकडे असे बघत होते, की पोरी, हिच्याशी वाद घालू नकोस. मी स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला. टीनाला म्हणाले, अर्ध्या तासाच्या वर चालवू नकोस, मध्ये मध्ये बंद करत जा. आणि चहा न पिता निघाले. बसमध्ये बसून साकोलीपर्यंत मी त्या बाईला मनातल्या मनात बोल लावले. शिकल्या नाहीत, जग पाहिलं नाही, सुनेचा एकुलता एक विरंगुळा, तोही नीट होऊ देत नाहीत.

दहाएक दिवस गेले. मग एका संध्याकाळी टीनाचा फोन. आवाज दबलेला.

"ताई, ते खरखर आता बंद झाली."

"मग बरं झालं की."

"नाई ना. आता पाच मिनिटांतच थांबते. अन् जळल्यासारखा वास येते. आईले सांगतलं तर त्या म्हणे, आवाज नाई येत म्हणजे सुधरलं असंन."

घासणारा पंखा वाईट, पण न घासणारा, न फिरणारा पंखा त्याहून वाईट. अडकलेल्या पंख्याची मोटर फिरायचा जोर लावत राहते आणि स्वतःच तापते. आणि ते तापलेलं मशीन माझ्या बहिणीच्या गादीपासून वीतभर अंतरावर. आग लागली तर तिला उठून पळायचीही मुभा नाही. मी तिला म्हणाले, "भिंतीतला प्लग काढून टाक. आत्ताच. मी सकाळी येते. तोपर्यंत कोणीही चालू करू नका."

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी पहिल्या गाडीने निघाले. सोबत नवा पंखा घेतला, त्याच्याखाली बसतो तो उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमचा ठोकळाही घेतला.

पोहोचले तेव्हा टीना पलंगावर बसून पेज खात होती आणि उषाबाई कॉम्प्युटरसमोर उभ्या होत्या. प्लग पुन्हा लावलेला. टीनाची पाठ तिकडे होती आणि रात्रीचं माझं बोलणं तिने सासूला सांगितलेलं दिसत नव्हतं. स्क्रीनवर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ होती. उषाबाईंनी सराईतपणे कीबोर्डवरचं सगळ्यात वरच्या रांगेतलं एक बटण दाबलं आणि ओळ गेली.

"मावशी!" मी ओरडलेच. "काय केलं तुम्ही हे?"

त्या दचकल्या. "विनोदनं सांगतलं होतं. तशी ओळ आली का थे बटन दाबाचं."

"कधीपासून येते ही ओळ?"

"चार-पाच दिवस झाले. टीनाचं खाणं होते तोवर मी चालू करून ठेवतो. तिले वाकाव लागू नाई."

त्या ओळीत लिहिलेलं असतं, की पंखा फिरत नाहीये. मशीन रोज सकाळी ओरडून सांगत होतं, आणि इंग्रजी न येणारी एक बाई सुनेला त्रास नको म्हणून रोज सकाळी त्याचं तोंड बंद करत होती. विनोदला फोनवर नीट काय सांगितलं असेल कुणास ठाऊक. मी प्लग ओढून काढला. डब्याला हात लावला, आतून ऊब येत होती. वासही होता.

"आता मला अडवू नका. पंखा बंद पडलाय. हे पेट घेऊ शकतं. टीनाच्या उशाशी पेट घेऊ शकतं, कळतंय का तुम्हाला?"

उषाबाईंनी दोन्ही हात डब्यावर ठेवले. त्यांचा चेहरा मी तोवर कधी तसा पाहिला नव्हता. ओठ पांढरे पडले होते.

"टीना," त्या म्हणाल्या, "तू पड जराशी. आमी हे मंधातल्या खोलीत नेतो."

आम्ही दोघींनी ते मशीन उचललं. त्या इतक्या हळू चालत होत्या, की मला वाटलं दार येईपर्यंत दुपार होईल. मधल्या खोलीत धानाच्या पोत्यांजवळ आम्ही ते खाली ठेवलं. त्यांनी दार लोटून घेतलं आणि जमिनीवर बसल्या.

"आत कुंभारीन हाये," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. टीना दवाखान्यात होती त्या महिन्यात त्या रोज ही खोली झाडायला यायच्या. एक दिवस त्यांनी पाहिलं, की मातीची घरं बांधणारी ती काळी-पिवळी माशी चिखलाची गोळी घेऊन मशीनच्या मागच्या फटीतून आत जातेय. परत येतेय. पुन्हा जातेय. रोवणीचे दिवस, चिखलाला तोटा नव्हता. उषाबाई तीन दिवस तिथे बसून तिची ये-जा बघत होत्या.

"थांबवायचं की तिला."

"कायले थांबवू? पोटुशीच्या घरात कुंभारीन घर बांधते थे चांगलं असते. अन् बांधलेलं घर फोडाचं नसते. थे फोडलं का..." त्या थांबल्या. "मी फोडलं होतं."

"कधी?"

"विनोदच्या आधी."

विनोदच्या आधी काही होतं, हे मला माहीत नव्हतं. टीनालाही नव्हतं. कोणालाच नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी, लग्नाला वर्ष झालेलं, दिवाळीची साफसफाई. दाराच्या चौकटीवर कुंभारणीचं घर होतं. सासू म्हणाली होती, राहू दे. सासू बाजाराला गेली आणि नव्या सुनेला चौकट स्वच्छ हवी होती. उषाबाईंनी ते खुरप्याने खरवडून काढलं आणि वर शेणाचं पोतेरं फिरवलं. चौथ्या दिवशी त्यांना कळा सुटल्या. सहावा महिना होता.

"सासूनं इचारलं, घर कुठं गेलं? मी म्हणलं, उंदरानं पाडलं असंन. आजवर कोणालेच नाई सांगतलं. ह्यायले बी नाई." ह्यायले म्हणजे यादोरावांना. "मंग टीनाच्या दुसऱ्या खेपेले मागची भित पोतून घेतली मी. मिस्तरीनं आधी भित खरवडली. तिथं बी होतं एक. मले मंग दिसलं, खाली पडलेलं. मी कोणत्या तोंडानं सांगू?"

त्या रडत नव्हत्या. नुसत्या माझ्याकडे बघत होत्या, जणू मी पोलीस होते.

मी खूप काही बोलू शकले असते. डॉक्टरीणबाईंनी कारण सांगितलंय, टाका घातलाय, माशीचा आणि गर्भाशयाचा काहीएक संबंध नाही. सगळं तोंडाशी आलं होतं. पण चाळीस वर्षं एकटीने वागवलेलं ओझं बाई समोर उतरवून बसली असताना तिला शरीरशास्त्र शिकवायचं, एवढी मी कोडगी नाही. आम्ही दोघी एकाच बाळासाठी भीत होतो. मला आगीचं भेव, त्यांना मातीचं.

"मावशी," मी म्हणाले, "फोडायचं नाही. पंखा आणि त्याच्या खालचा ठोकळा असा अख्खा निघतो. घर त्याच्यावर जसं आहे तसंच राहील. मी जागच्या जागी नवा पंखा बसवते. जुना तुम्ही जपून ठेवा."

त्यांना ते पटायला वेळ लागला. दोनदा विचारलं, "अख्खा निंगते ना?" मी दोनदा हो म्हणाले. मग त्यांनी टॉर्च आणला आणि मी डब्याची बाजू उघडली.

घर होतं. ठोकळ्याच्या एका अंगाला आणि पंख्याच्या चौकटीला धरून, एकाला एक चिकटलेली सहा खोलगी, म्हणजे बोटभर लांब बंद कप्पे, वाळलेल्या करड्या मातीचे, कडांवर बोटांनी दाबल्यासारख्या रेघा. घासून घासून त्यातली थोडी माती झडली होती आणि तिचाच एक खडा पंख्याच्या पात्यात अडकून बसला होता. त्या खड्याने माझ्या बहिणीचं मशीन बंद पाडलं होतं. आणि ती माशी आत आली होती ती मी न बसवलेल्या पट्टीच्या फटीतून.

ठोकळा चार टाचणीवजा कुलपांनी बसलेला असतो. तीन सहज फिरली. चौथं घट्ट होतं. मी म्हणाले, "मावशी, खाली ठेवायला काहीतरी मऊ आणा." त्या उठून सूप आणायला गेल्या. मी जोर लावला, चौथं कुलूप सुटलं, ठोकळा एकदम वर आला, आणि माझ्या अंगठ्याखाली कट्‌ असा बारीक आवाज झाला.

सगळ्यात मोठं, काठावरचं खोलगं फुटून माझ्या तळहातावर आलं. आत माशीने पिल्लाच्या खाण्यासाठी साठवलेले चार-पाच निपचित कोळी होते आणि त्यांच्यामध्ये एक पांढरी, ओलसर, तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी अळी. ती हलली. एकदा वळली आणि सरळ झाली.

मी, प्रत्येक गोष्टीला कारण असतं असं मानणारी रीना, त्या क्षणी घामाने भिजले. पलीकडच्या खोलीत टीना खोकली आणि तो खोकलाही मला भलतासलता वाटला. मी काय केलं, तर तो तुकडा अळीसकट पिशवीतल्या स्क्रूच्या डबीत टाकला आणि झाकण लावलं. फुटलेली बाजू माझ्याकडे फिरवली. उषाबाई सुपात धान पसरून घेऊन आल्या. मी त्या धानावर जुना पंखा ठेवला, फुटकी बाजू भिंतीकडे.

"सगळं साबूत हाये ना?"

"हो मावशी."

त्यांनी सुपाला हात जोडले आणि ते उचलून देवाच्या कोनाड्यात नेऊन ठेवलं.

मी उष्णता वाहून नेणारी नवीन पेस्ट लावली, नवा ठोकळा आणि पंखा बसवला, मागच्या फटीला पत्र्याची पट्टी कापून स्क्रूने आवळली. मशीन सुरू केलं. ती ओळ आली नाही. तापमान चाळीस. अर्ध्या तासात टीना एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर फुगे काढत होती. उषाबाईंनी मला पहिल्यांदाच जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. पाटोडीची भाजी होती. मी खाली मान घालून जेवले.

साकोलीला येऊन डबी उघडली. अळी मेली होती.

त्यानंतरचे पाच आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज सकाळी टीनाला फोन. पोट दुखत नाही ना? अंगावरून काही नाही ना? टीना वैतागली, "ताई, तू तर आईपेक्षा जास्त भेतेस." ती डबी दुकानात, गल्ल्याच्या खालच्या खणात होती. फेकून देता येईना आणि उघडता येईना. मी स्वतःला रागवायची. शिकलेली ना तू? डॉक्टर काय म्हणाल्या ते ऐकलंस ना? ऐकलं होतं, पाठही होतं. पण तळहातावर ती पांढरी अळी वळली ते काही केल्या जात नव्हतं. कोणाला सांगू? टीनाला सांगणं शक्य नव्हतं. उषाबाईंना तर नाहीच. तेव्हा कुठे मला थोडंसं कळलं, की चाळीस वर्षं म्हणजे किती दिवस असतात.

हलका धान कापायला आला होता तेव्हा, आठव्या महिन्याच्या मध्यावर, टीनाला कळा सुरू झाल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या मुदतीला अजून दोन आठवडे होते. मी भंडाऱ्याला पोहोचले तोवर तिला आत नेलं होतं. विनोद औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन खाली-वर धावत होता. यादोराव जिन्यात बसले होते. उषाबाई आतल्या दारासमोरच्या बाकावर, पदर तोंडाशी धरून. मी जाऊन शेजारी बसले. दुपारचे बारा वाजले, एक वाजला. आतून एकदा टीनाचं ओरडणं ऐकू आलं आणि मग काहीच नाही. नर्स आली, मान न वळवता गेली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

दोन वाजता मला राहवेना. मला वाटलं, आता आतून वाईट बातमी आली आणि मी बोलले नसले, तर मी आयुष्यभर बोलू शकणार नाही.

"मावशी, एक सांगायचंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ते घर. पंखा काढताना..."

"काठावरचं मोठं खोलगं, थे?" त्या मध्येच म्हणाल्या. आवाज अगदी सपाट होता. "थे मीच फोडलं. सकाळी पुसता पुसता माह्या हातचा टॉर्च लागला त्याले. तू यायच्या आधीच फुटलं होतं. तुह्या हातानं काही नाई झालं."

डबा तोवर बंद होता. तो उघडला मी. टॉर्च आत जायला जागाच नव्हती. खोलगं फुटलं ते माझ्या अंगठ्याखाली. तो आवाज मी ऐकला होता, अळी माझ्या हातावर होती. म्हणजे सूप घेऊन येताना त्यांनी दारातून सगळं पाहिलं होतं. आणि तरी "सगळं साबूत हाये ना?" असं विचारून माझ्या खोट्याला त्यांनी हात जोडले होते.

"मावशी..."

"मी फोडलं म्हणतो ना," त्या करड्या आवाजात म्हणाल्या. "बस आता गप."

त्यांनी माझा हात धरला. त्यांची बोटं बर्फासारखी गार होती. त्यांनी तो हात सोडला नाही. आम्ही दोघी तशाच दाराकडे बघत बसलो.

मग दार उघडलं. मुलगी. पावणेदोन किलो. काही दिवस पेटीत ठेवावी लागेल, पण रडली, चांगली रडली, असं नर्सने सांगितलं. आणि तेवढ्यात आम्हालाही ऐकू आलं, बारीक, चिडलेलं रडणं. यादोराव जिन्यातच खाली मान घालून हमसून हमसून रडायला लागले. उषाबाई मात्र उठल्या नाहीत.

तीन आठवड्यांनी मुलगी घरी आली. पहिल्या दिवशी तिला सुपात ठेवलं. ते तेच सूप होतं. कोनाड्यातला पंखा मी जवळ जाऊन पाहिला. पाच खोलग्यांना वरून गोल भोकं पडली होती, आतले जीव उडून गेले होते. सहाव्याच्या जागी नुसती खरवड होती. मी साकोलीहून ती डबी आणली होती. तो मातीचा तुकडा मी हळूच तिथे ठेवला. मागे उषाबाई उभ्या होत्या.

"मावशी," मी म्हणाले, "त्या दिवशी दवाखान्यात तुम्ही खोटं काहून बोलल्या?"

त्या सुपातल्या नातीच्या अंगावरचं फडकं नीट करत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "आतून काय बातमी येते थे कोणाले मालूम होतं? वंगाळ आली असती तं तू जलमभर थे घेऊन फिरली असती. तू लहान हायेस अजून. माह्या डोक्याले सवय हाये."